गोडीआधी आंबटाकडे पाहा : जर्मन पांढऱ्या वाइनची चव आणि तुलना

जर्मन पांढरी वाइन म्हणजे गोड, हलकी आणि नवशिक्यांसाठीची, असा समज आपल्याकडे नव्याने वाइनची ओळख करून घेणाऱ्या शहरी वर्गात बराच रूढ आहे. या समजाला इतिहासही आहे. ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स शहरात लीबफ्राउएनकिर्शं नावाचे चर्च आहे. त्याच्या भोवतालच्या मळ्यांतील वाइनला ‘लीबफ्राउमिल्श’ म्हणत. पुढे हे नाव त्या मळ्यांपुरते उरले नाही. ऱ्हाइन खोऱ्यातील गोडसर, स्वस्त मिश्रणांना ते सर्रास लागू लागले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशाच बाटल्या जगभर जर्मन वाइनची ओळख बनल्या. १९८५ मध्ये ऑस्ट्रियातील काही उत्पादकांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचे उघड झाले. त्यातील काही माल जर्मन बाटल्यांपर्यंत पोहोचला होता. त्यामुळे आधीच डागाळलेल्या नावावर आणखी एक डाग पडला.

मात्र याच देशातील उत्तम रीस्लिंगची गणना जाणकार जगातील श्रेष्ठ पांढऱ्या वाइनमध्ये करतात. या दोन टोकांचा मेळ कसा घालायचा? त्याचे उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. जर्मन पांढरी वाइन तिच्या गोडीवरून पारखायची नसते. तिच्यातील गोडी आणि आंबटपणा यांच्या तोलावरून ती पारखायची असते. चिंच-गुळाच्या आमटीवर, कैरीच्या मेथांब्यावर आणि आवळ्याच्या मोरंब्यावर पोसलेल्या मराठी जिभेला ही पारख वास्तविक अवघड जाऊ नये. आमटीत गूळ किती, हे आपण कधीच एकटे विचारत नाही. चिंचेच्या मानाने किती, हे विचारतो. जर्मन वाइनच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न विचारायचा असतो.

थंडीने दिलेले देणे

जर्मनीतील बहुतेक द्राक्षमळे ४९ ते ५१ उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतात. द्राक्ष कसेबसे पिकावे अशी ही सीमारेषा. उन्हाळा सौम्य, पानगळीचा ऋतू लांबलेला आणि रात्री थंड. द्राक्ष पिकताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. साखर वाढत जाते आणि आम्ल कमी होत जाते. द्राक्षात मुख्यतः टार्टारिक आणि मॅलिक अशी दोन आम्ले असतात. त्यांपैकी मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्ची पडते, थंडीत मात्र ते टिकून राहते. म्हणून थंड प्रदेशातील द्राक्ष सावकाश पिकते, त्यात गंधद्रव्ये साठायला अवधी मिळतो आणि आंबटपणाही शिल्लक राहतो.

मोझेल नदीचे खोरे हे याचे ठळक उदाहरण. नदीच्या वळणावळणांवर दक्षिणेकडे तोंड केलेले इतके उभे उतार आहेत की तेथे यंत्र चालत नाही, माणसालाही दोरीचा आधार लागावा अशी स्थिती असते. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार युरोपातील सर्वांत उभ्या मळ्यांत गणला जातो. त्याचा चढ काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक आहे. जमीन पाटीच्या दगडाची. दिवसा हा काळसर दगड ऊन शोषतो आणि रात्री वेलींना ऊब देतो. नदीचे पाणी प्रकाश परतवते. उन्हाचा कणन् कण वेचून घेण्याची ही व्यवस्था शतकानुशतके जपली गेली आहे.

रीस्लिंग हे अशा जागेसाठीच जणू घडलेले द्राक्ष होय. त्याचा सर्वांत जुना ज्ञात लेखी उल्लेख १४३५ सालचा, ऱ्यूसेल्सहाइम येथील एका सरदाराच्या खरेदीच्या हिशेबातला आहे. आज जर्मनीतील एकूण सुमारे एक लाख हेक्टर द्राक्षक्षेत्रापैकी जवळपास एक चतुर्थांश क्षेत्र एकट्या रीस्लिंगखाली आहे. त्याखालोखाल पांढऱ्या वाणांत म्युलर-थुरगाऊचा क्रम लागतो. हेरमान म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने गाइझेनहाइम येथे १८८२ मध्ये त्याचा संकर केला. हा रीस्लिंग आणि सिल्वानर यांचा संकर आहे असे शंभर वर्षे मानले गेले. पुढे जनुकीय तपासणीत दुसरा पालक मादलेन रोयाल हे वाण असल्याचे आढळले. याशिवाय फ्रांकेन प्रांतातील चपट्या बाटलीत मिळणारी सिल्वानर, तसेच वाइसबुर्गुंडर आणि ग्राउबुर्गुंडर, म्हणजे फ्रेंचांचे पिनो ब्लाँ आणि पिनो ग्री, ही नावेही वाचकांना दुकानात दिसू शकतात.

लेबल वाचण्याची कला

जर्मन बाटलीची खरी अडचण तिच्या लेबलात असते. लांबलचक शब्द पाहून ग्राहक गोंधळतो आणि चुकीची बाटली उचलतो. आयात वाइनवर आपल्या देशात दीर्घकाळ दीडशे टक्क्यांपर्यंत शुल्क आकारले गेले. त्यामुळे अशी चूक खिशालाही जाणवते. म्हणून काही शब्द समजून घेणे उपयुक्त ठरेल.

१९७१ च्या जर्मन कायद्याने उच्च दर्जाच्या वाइनच्या पायऱ्या ठरवल्या. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे, आइसवाइन आणि ट्रॉकनबेरेनआउसलेझे अशी ही नावे आहेत. तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात साखर किती होती, यावर ही पायरी ठरते. ते मोजण्याचे एकक एक्सले. फोर्झहाइमच्या फर्डिनांड एक्सले या कारागिराने एकोणिसाव्या शतकात प्रचारात आणलेल्या काट्यावरून ते नाव पडले. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके एक्सले. काबिनेटसाठी प्रदेश व वाणाप्रमाणे साधारण ६७ ते ८२ एक्सले लागतात, तर सर्वांत वरच्या पायरीसाठी दीडशेच्या पुढे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. हे माप द्राक्षातील साखरेचे आहे, पेल्यातील गोडीचे नव्हे. रसातील साखर यीस्टने पूर्ण आंबवली तर वाइन कोरडी, म्हणजे गोडी नसलेली होते. मध्येच थांबवली तर गोडी उरते. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो, असा ढोबळ हिशेब आहे. ८५ एक्सलेच्या रसातून पूर्ण आंबवणीनंतर सुमारे ११ टक्के मद्यार्काची वाइन मिळेल. तीच आंबवणी ८ टक्क्यांवर थांबवली तर लिटरमागे सुमारे ५० ग्रॅम साखर मागे राहील. म्हणूनच लेबलावरील मद्यार्काचा आकडा हा गोडीचा सर्वांत भरवशाचा सुगावा असतो. ८-९ टक्के लिहिले असेल तर वाइन बहुधा गोडसर, १२ किंवा त्याहून अधिक असेल तर बहुधा कोरडी.

‘ट्रॉकन’ हा शब्द असेल तर वाइन कोरडी. तिच्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते आणि तीही आम्ल पुरेसे असेल तरच. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे अर्धकोरडी, साधारण १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ हा शब्दही बहुधा याच मधल्या पट्ट्यासाठी वापरतात, पण त्याला कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही. ट्रॉकन म्हणजे कोरडे हे कळल्यावर ‘ट्रॉकनबेरेनआउसलेझे’ हे नाव मात्र चकवते, कारण ती सर्वांत गोड वाइन आहे. तेथे कोरडी झालेली असतात ती द्राक्षे. वेलीवरच बोट्रायटिस बुरशी लागून मनुकांसारखी सुकलेली, एकेक वेचून तोडलेली.

श्पेटलेझे याचा अर्थ उशिराची तोडणी. तिच्या जन्माची कथा ऱ्हाइनगाऊमधील श्लोस योहानिसबेर्ग येथे सांगितली जाते. तोडणीची परवानगी फुल्डाच्या धर्मप्रमुखाकडून यावी लागे. १७७५ मध्ये ती आणणारा स्वार फार उशिरा परतला, तोपर्यंत द्राक्षे सडू लागली होती. तरीही तोडून वाइन केली आणि ती अप्रतिम निघाली. त्या स्वाराचा पुतळा आजही तेथील अंगणात आहे.

लेबलावर ‘ए. पी.’ अक्षरांनी सुरू होणारा एक लांब क्रमांकही असतो. तो शासकीय तपासणीचा असतो. जर्मनीत दर्जेदार गटातील प्रत्येक वाइन प्रयोगशाळेत तर तपासली जातेच, शिवाय परीक्षकांचे मंडळ तिचा वास आणि चव प्रत्यक्ष पाहून गुण देते. त्यानंतरच हा क्रमांक मिळतो. त्याचे शेवटचे अंक तपासणीचे वर्ष सांगतात. झाकणावर गरुडाचे चिन्ह दिसले तर ती ‘व्हीडीपी’ या १९१० साली स्थापन झालेल्या उत्पादक संघाच्या सदस्याची वाइन होय. त्यांच्या सर्वोत्तम मळ्यांतील कोरड्या वाइनला ‘ग्रोसेस गेवेक्स’ म्हणतात. २०२१ मध्ये जर्मन कायद्यात मोठी सुधारणा झाली. साखरेच्या मापाऐवजी उगमस्थानाला महत्त्व देण्याचे धोरण तीत स्वीकारले गेले आणि संक्रमणासाठी २०२५ च्या हंगामापर्यंत मुदत ठेवली गेली. जागा जितकी लहान आणि नेमकी, तितकी वाइनकडून अपेक्षा मोठी, हे त्यामागील तत्त्व.

डोळा, नाक, जीभ

चव घेणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चव घेण्यासाठी पेल्यात ५० मिलीलिटर एवढीच वाइन पुरते. पेला तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे गंध आत कोंडतो. हलकी वाइन ८ ते १० अंश सेल्सिअसला, भरीव कोरडी वाइन त्याहून दोन अंश जास्त उष्ण असताना चाखावी. घरगुती फ्रिज याहून थंड असतो, म्हणून बाटली पंधरा-वीस मिनिटे आधी बाहेर काढावी. अति थंडीत गंध झाकला जातो आणि वाईट वाइनही चांगली वाटते.

प्रथम पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून रंग पाहावा. तरुण मोझेल जवळजवळ पाण्यासारखी, किंचित हिरवट झाक असलेली दिसते. जुनी किंवा अतिगोड वाइन सोनेरी असते. मग पेला न हलवता एकदा आणि गोल फिरवून पुन्हा एकदा वास घ्यावा. त्यानंतर छोटा घोट तोंडात सर्वत्र खेळवावा आणि शक्यतो थुंकून टाकावा. व्यावसायिक परीक्षक तेच करतात. अन्यथा चौथ्या पेल्यानंतर पारख उरत नाही.

जिभेच्या टोकाला गोड आणि कडेला आंबट कळते, हा शाळेत शिकवला गेलेला नकाशा चुकीचा ठरला आहे. सर्व चवी जिभेवर सर्वत्र कळतात. आंबटपणा ओळखण्याची खरी खूण म्हणजे लाळ. घोट गेल्यानंतर तोंडाला किती पाणी सुटते आणि किती वेळ सुटत राहते, हे पाहावे. गोडीच्या बाबतीत नाक फसवते. पिकलेल्या फळाचा वास आला की कोरडी वाइनही गोड वाटते. अशा वेळी नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. मग जिभेवर उरते ती खरी साखर.

साखर आणि आम्ल एकमेकांना झाकतात, हे पाहण्यासाठी वाइनचीही आवश्यकता नाही. तीन पेल्यांत सारखेच पाणी आणि सारखाच लिंबाचा रस घ्यावा. पहिल्यात साखर नको, दुसऱ्यात एक चमचा, तिसऱ्यात तीन चमचे. लिंबू तितकेच असूनही तिसऱ्या पेल्यात ते निम्मेच वाटते. आता तिसऱ्या पेल्यात आणखी लिंबू पिळा. साखर तितकीच राहूनही सरबत कमी गोड लागेल. लिटरमागे ४० ग्रॅम साखर असलेली मोझेल काबिनेट चिकट का लागत नाही, याचे उत्तर या तीन पेल्यांत आहे. तिच्यात आठ-नऊ ग्रॅम आम्लही असते. तेवढी साखर आणि त्याच्या निम्मे आम्ल असलेली वाइन मात्र दुसऱ्या घोटालाच नकोशी होते. स्वस्त लीबफ्राउमिल्शचा दोष गोडीत नव्हता, त्या गोडीला पेलणारा आंबटपणा नसण्यात होता.

तुलना कशी करावी

एकटी वाइन फारसे काही सांगत नाही. दोन शेजारी ठेवल्या की प्रत्येक बोलू लागते. पूर्व विदर्भाच्या धान पट्ट्यातील गृहिणी नवा आणि जुना तांदूळ ओळखते ती पुस्तक वाचून नव्हे. दोन्ही भात आयुष्यभर तिच्या हाताखालून गेलेले असतात. वाइनच्या बाबतीतही हाच मार्ग आहे, मात्र एक पथ्य पाळून : एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

चार-सहा मित्रांनी मिळून चार बाटल्या घेतल्या तर खर्चही विभागला जातो. पहिल्या जोडीत एकाच उत्पादकाच्या मोझेल रीस्लिंगची ट्रॉकन आणि काबिनेट घ्यावी. येथे द्राक्ष आणि प्रदेश तोच, बदलते ती केवळ गोडी. दुसऱ्या जोडीत त्याच ट्रॉकनशेजारी फाल्झ प्रांतातील कोरडी रीस्लिंग ठेवावी. फाल्झ मोझेलच्या दक्षिणेला आणि तुलनेने उबदार आहे. त्यामुळे तेथील वाइन अधिक भरीव आणि पिकल्या फळाच्या गंधाची असते. तिसऱ्या जोडीत चौथी बाटली म्हणून फ्रांकेनची सिल्वानर आणावी. आंबटपणा सौम्य, गंध संयमी आणि मातकट. तिच्या शेजारी रीस्लिंगचा तीक्ष्णपणा एकदम उठून दिसतो.

क्रम ठरलेला असावा : कोरडी आधी, गोड नंतर, हलकी आधी, भरीव नंतर. मध्ये पाणी आणि साधा पाव. खोलीत उदबत्ती, अत्तर आणि फोडणी नको. बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक घालावेत, कारण डोळा नाकावर सहज मात करतो. बोर्दो येथील ५४ विद्यार्थ्यांवर केलेला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. पांढऱ्या वाइनला गंधहीन लाल रंग देऊन ती चाखायला दिली, तेव्हा वाइनशास्त्राचे हे विद्यार्थी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत करू लागले. किंमत पाहिल्यावर आपले काय होत असेल, याची कल्पना करता येते.

आपल्याला फरक खरोखर कळतो का, हे तपासायचे असेल तर तीन पेल्यांची चाचणी करावी. दोन पेल्यांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, हे सांगायचे. अंदाजाने तिघांपैकी एक बरोबर येणारच, म्हणून ती अनेक वेळा करावी लागते. प्रत्येक वाइनसाठी वहीत रंग, गंध, आंबट, गोड, मद्यार्काची ऊब, भरीवपणा आणि चव किती सेकंद रेंगाळते, एवढे रकाने पुरेत. लिहिल्याशिवाय तुलना होत नाही, आठवणीत सर्व वाइन सारख्याच होतात.

गंधाला आपले शब्द

वाइनच्या वर्णनात गूजबेरी, एल्डरफ्लॉवर असे शब्द वाचून मराठी वाचक बिचकतो. ज्या वस्तू आपण कधी हुंगल्याच नाहीत, त्यांची नावे घेण्यात अर्थ नाही. गंधाची स्मृती ही ज्याच्या त्याच्या गावची असते. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यातल्या एकोडीकडच्या माणसाचे उदाहरण घ्या. या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह फुलतो. पहाटे झाडाखाली पडलेल्या ताज्या फुलांचा रसरशीत, मादक वास आणि तीच फुले उन्हात सुकल्यावर येणारा मनुकांसारखा, किंचित आंबूस वास यांतील भेद तेथे लहान मुलालाही कळतो. जर्मन वाइनमध्येही हाच भेद आहे. ताज्या द्राक्षाची काबिनेट आणि वेलीवर सुकलेल्या द्राक्षाची बेरेनआउसलेझे यांच्यात ताज्या आणि सुकल्या फुलाइतकेच अंतर असते. ज्याच्या नाकाला मोहाचे दोन गंध वेगळे करता येतात, त्याला या दोन पायऱ्या वेगळ्या करायला वेगळे शिक्षण लागू नये.

रीस्लिंगसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. तरुण असताना लिंबाची साल, हिरवे सफरचंद, कैरीची फोड; थोडी पिकलेली असेल तर पीच आणि जर्दाळू; पाटीच्या दगडावरच्या वाइनसाठी पहिल्या पावसात भिजलेल्या फरशीचा वास. जुन्या रीस्लिंगला चक्क रॉकेलसारखा वास येतो. तो दोष नव्हे. ‘टीडीएन’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे संयुग बाटलीत काळानुसार तयार होते, त्याचा तो गंध असतो. मर्यादेत असला तर जाणकार त्याचे स्वागत करतात. गेवुर्त्सट्रामिनर या वाणाला लिची आणि गुलकंदाचा वास येतो आणि हे केवळ कविकल्पनेने नव्हे. लिचीत असलेले रोझ ऑक्साइड हे गंधद्रव्य या द्राक्षातही असते. जॉर्ज शॉय यांनी १९१६ मध्ये तयार केलेल्या शॉयरेबे या वाणात पपनसाची आठवण येते.

नाशिकच्या पेल्याशेजारी

महाराष्ट्रात पांढऱ्या वाइनची तुलना करायची तर नाशिक वगळून चालणार नाही. शामराव चौगुले यांनी नारायणगाव येथे १९८० च्या दशकात फेसाळ वाइनचा पाया घातला. त्यानंतर राजीव सामंत यांच्या सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. सोव्हिन्यो ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ ही दोन फ्रेंच वाणे त्यांनी नाशिकमध्ये रुजवली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण आखले आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले. पुढे सुलाने नाशिकच्या द्राक्षांपासून रीस्लिंगही केली. त्यामुळे एकाच वाणाची नाशिक आणि मोझेल अशी तुलना घरबसल्या शक्य झाली.

ही तुलना मात्र न्यायाने केली पाहिजे. नाशिक २० अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. येथे वेल हिवाळ्यात झोपतच नाही. म्हणून शेतकरी वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. फळ थंडीत वाढते आणि जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत तोडले जाते. जर्मनीत द्राक्ष थंड होत जाणाऱ्या दिवसांत पिकते, तर नाशिकला तापत जाणाऱ्या दिवसांत. साखर येथे सहज येते, आम्ल मात्र हातचे निसटते. म्हणूनच येथे तोडणीचा दिवस नेमका साधणे, द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडणे, ती लगेच थंड करणे आणि टाकीतील आंबवणी कमी तापमानात राखणे, याला इतके महत्त्व आहे.

त्यामुळे नाशिकच्या पांढऱ्या वाइनकडून मोझेलचा धारदारपणा मागणे म्हणजे कोकणच्या हापूसकडून संत्र्याचा आंबटपणा मागण्यासारखे होय. तिच्यात शोधायचे ते पेरू, पपनस, ओले गवत, ढोबळी मिरचीची झाक आणि ताजेपणा. ती जुनी होण्यासाठी ठेवू नये, वर्ष-दोन वर्षांत संपवावी. उत्तम आउसलेझे मात्र दशकानुदशके टिकते, कारण साखर आणि आम्ल हे दोन्ही तिचे रक्षक असतात.

आपल्या ताटाशी

तिखट जेवणाबरोबर जर्मन वाइन का शोभते, यालाही शास्त्रीय आधार आहे. तिखटाची आग ज्या चेतातंतूंना कळते, त्यांनाच मद्यार्क अधिक संवेदनशील करतो. म्हणून नागपुरी सावजी रश्श्याबरोबर १४ टक्के मद्यार्काची वाइन घेतली तर तिखट भडकते. ८-९ टक्क्यांची काबिनेट मात्र ते भडकवत नाही आणि तिची गोडी आग शमवते. कोळंबीचे कालवण, सुरळीची वडी, भरली वांगी यांच्याबरोबर हाल्बट्रॉकन जुळते. तळलेल्या सुरमईसाठी कोरडी सिल्वानर. गोड पदार्थांबाबत एकच नियम : वाइन पदार्थापेक्षा गोड असावी, नाहीतर ती आंबट आणि पोकळ लागते. पुरणपोळीपुढे टिकेल अशी वाइन फार थोडी.

अर्थात मद्य हे मद्यच आहे. मद्यसेवनाची कोणतीही पातळी आरोग्यास पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्याने ठरवलेले वय आणि परवान्याचे नियम आहेतच. चाखण्याची शिस्त ही मुळात कमी घेण्याची शिस्त आहे, हे विसरता कामा नये.

तोल ढळत आहे

हा सारा तोल ज्या थंडीवर उभा आहे, ती थंडीच आता भरवशाची राहिलेली नाही. आइसवाइनसाठी द्राक्षे वेलीवरच उणे ७ अंशांखाली गोठावी लागतात आणि गोठलेलीच तोडून पिळावी लागतात. पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि साखर व आम्ल यांचा अर्क तेवढा बाहेर येतो. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या १३ प्रदेशांपैकी एकातही पुरेशी थंडी पडली नाही आणि आइसवाइन झालीच नाही. असे प्रथमच घडले. तोडणीचे दिवस अलीकडे सरकत आहेत. पूर्वी काबिनेटपुरते पिकणारे द्राक्ष आता सहज श्पेटलेझेची पातळी ओलांडते. हलकी, आंबट, कमी मद्यार्काची खरी काबिनेट करणे हेच अनेक मळ्यांत कौशल्याचे काम झाले आहे. एकेकाळी फार थंड म्हणून दुय्यम ठरलेल्या, उंचावरील आणि आडबाजूच्या मळ्यांना महत्त्व येऊ लागले आहे.

साखर विपुल आणि आम्ल दुर्मिळ, हा प्रश्न नाशिकच्या बागायतदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. लवकर तोडणी, पानांची सावली राखणे, गारव्यात काम करणे हे त्याचे रोजचे उपाय मोझेलच्या उतारांवरही आवश्यक होऊ लागले आहेत. दोन टोकांच्या हवामानातील दोन शेतकरी आज एकाच तराजूच्या काट्याकडे पाहत आहेत.

म्हणून पुढच्या वेळी जर्मन पांढऱ्या वाइनचा पेला समोर आला तर ‘गोड आहे का’ हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. घोट गेल्यावर तोंडाला पाणी सुटते का आणि त्या पाण्यासोबत फळाची चव किती वेळ राहते, एवढे पाहावे. दोन्ही होत असेल तर लेबलावरील पायरी कोणतीही असो, वाइन चांगली आहे.